तात्यांची रात्रपाळी

सांगलीचा तुरुंग गावाबाहेर नाही. राजवाडा, कचेऱ्या, शाळा आणि पेठा यांच्या मधोमध, गणेशदुर्गाच्या आवारात तो आहे. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली माणसं त्याच्यावरून जातात, शाळेची पोरं त्याच्या बाजूनं सायकली दामटतात. त्यामुळे आमच्याकडे तुरुंग ही कधी लांबची, अंगावर काटा आणणारी गोष्ट झाली नाही. तो पोस्टासारखा होता. रोज दिसायचा, काम क्वचित पडायचं.

पटवर्धनांच्या घरात वाटण्या झाल्या, चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून सांगलीला आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा भुईकोट उभा केला. सभोवार खंदक. शत्रू आत येऊ नये म्हणून खणलेला खंदक पुढे माणूस बाहेर जाऊ नये म्हणून उपयोगी पडला. जुन्या तुरुंगांची ही रीतच आहे. ठाण्याचा तुरुंग किल्ल्यात, गोव्यातले आग्वाद आणि रेईश मागुशचे तुरुंगही किल्ल्यांतच. अहमदनगरच्या भुईकोटात १९४२ पासून नेहरूंना आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या इतरांना ठेवलं होतं. पेशवाईत तर तुरुंग म्हणून वेगळी इमारत बांधायची फारशी गरजच नव्हती. डोईजड झालेला मुत्सद्दी गडावर चढवला की काम झालं. उभे कडे, मोजके दरवाजे, थोडी शिबंदी. बारभाईंच्या राजकारणात ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्या सखारामबापू बोकिलांचा शेवट १७८१ साली कैदेतच, रायगडावर झाला.

किल्ल्यातून पळाल्याच्या गोष्टीही तितक्याच जुन्या. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून ठाण्याच्या किल्ल्यात होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई. असं सांगतात, की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा आणि पळायचा सगळा बेत त्या गाण्यातून आत पोचायचा. शिपायांना वाटे, गडी खुशालचेंडू आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटले. पुढे बिशप हेबर या प्रांतात फिरत आला, तेव्हा त्याच्याही कानावर ही कथा आली आणि त्यानं ती लिहून ठेवली. कथा किती खरी, किती रंगवलेली, हा भाग निराळा. पण तुरुंगाची कुठली गोष्ट माणसं जपून ठेवतात, ते तिच्यातून कळतं. पळाल्याची.

आमच्या घरात अशी एक गोष्ट होती आणि ती आम्हाला नीट कधी मिळाली नाही.

आजोबांचे थोरले भाऊ, सगळ्यांचे तात्या, संस्थानच्या नोकरीत तुरुंगावर शिपाई होते. आडव्या बांध्याचे, कमी बोलणारे. जुलै उजाडला की घरी आलेला कुणीही पाहुणा चहाची बशी खाली ठेवायच्या आत विचारायचा, "तात्या, तुमी हुता न्हवं त्या दिवशी?"

"माझी रात्रपाळी हुती."

एवढंच. पाहुण्याचा चेहरा पडायचा. काहींना वाटे, म्हातारा लपवतोय. काहींना वाटे, लाजतोय. ज्या गावानं पळणाऱ्यांची मिरवणूक काढली, त्या गावात पहारेकऱ्यानं सांगावं तरी काय?

तो दिवस २४ जुलै १९४३ चा. पद्माळ्याचे वसंतदादा पाटील महिनाभरापूर्वी, जूनमध्ये पकडले गेले होते. बेचाळीसच्या चळवळीतली भूमिगत तरुण मंडळी आत होती. बाहेर कृष्णेला पूर. भर दुपारी या मंडळींनी पहारेकऱ्यांवर झडप घातली, बंदुका हिसकावल्या, तटावर चढून खाली खंदकात उड्या टाकल्या आणि नदीच्या रोखानं पळाले. मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी गेले. दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा पकडले गेले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते सुटले आणि १९७७ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्या तुरुंगाच्या तटावरून उडी मारली, तो तुरुंग आता त्यांच्याच सरकारचा होता.

सांगली एकटी नव्हती. सातारा भागातले किसन वीर येरवड्याहून निसटले, नागनाथअण्णा नायकवडी १९४४ साली साताऱ्याच्या तुरुंगातून. आमच्या मुलखातल्या म्हाताऱ्यांना ही नावं मारुतीस्तोत्रासारखी पाठ. सांगणाऱ्यागणिक तटाची उंची वाढते, पुराचं पाणी चढतं. त्यात बिघडत काही नाही. गोष्ट मोठी आहे, तिला थोडी वाढीव मापं शोभतात.

तात्यांची रात्रपाळी मात्र कुणी पुढे विचारली नाही. विचारली ती आजीनं, म्हणजे तात्यांच्या भावजयीनं. पदर सावरत, चुलीपुढे बसून, दिराकडे थेट न बघता. तिनं ती मला सांगितली तेव्हा तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती.

रात्रपाळी म्हणजे त्याच दिवसाची रात्र. तात्या कामावर गेले तेव्हा तटाभोवती कंदील आणि पोलीस, आत सगळे कैदी बराकींत कोंडलेले. मोजणी झाली, पुन्हा झाली, अधिकारी बदलला की परत झाली. पळाले ते पळाले, धरले ते धरले. पण ज्यांनी उडी मारलीच नव्हती, ते होते ना आत. चोरीचे, मारामारीचे, बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालवलेले. भटारखान्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, भाकरी झाल्या नव्हत्या. एक म्हातारा कैदी गजाशी येऊन तात्यांना म्हणाला, "आमी गेलो न्हाई, म्हून उपाशी व्हय?" तात्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आत सरकवली. हे कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून पुढची तीस वर्षं ते "माझी रात्रपाळी हुती" इतकंच बोलले.

आजीनं हे सांगितलं आणि वर म्हणाली, "पळाल्याली नावं समद्यास्नी ठावं हैत. ऱ्हायल्याल्यांचं एक तरी नाव सांग बरं."

मला येईना. अजूनही येत नाही.

तुरुंगात राहिलेल्यांचा इतिहास बराचसा नियमांतच सापडतो. इंग्रजांनी तुरुंगांच्या शिस्तीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १८३८ साली आला. मेकॉलेच्या सूचनेवरून ती नेमली होती. कैद्याला शिकवावं, सुधारावं, असल्या गोष्टींना तिनं थारा दिला नाही. काम असं द्यावं, की ते कंटाळवाणं वाटावं आणि तुरुंगाची दहशत बसावी, हे तिचं धोरण. दळण, घाणा, खडी ही त्या धोरणाची अवजारं. १८७१ साली येरवड्याचा तुरुंग उभा राहिला, १८९४ साली तुरुंगांचा कायदा झाला. पुढे शतकाहून अधिक काळ देशभर त्याच कायद्यानं कारभार चालला. सुधारणा हेसुद्धा तुरुंगाचं काम आहे, असं सरकारी कागदावर ठसठशीतपणे यायला १९१९-२० ची समिती उजाडावी लागली.

मधल्या काळात तुरुंगाला वेगळी कीर्ती मिळाली ती राजकैद्यांमुळे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. त्याच १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यात पुणे करार झाला. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे गोव्याच्या मुक्तीसाठी लढताना १९५५ साली पकडले गेले. त्यांना पोर्तुगालमधल्या काशियशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. गोवा १९६१ ला मोकळा झाला, हे सुटले १९६९ ला. ही माणसं आत गेली म्हणून तुरुंगाला मान मिळाला. पण त्यांच्या शेजारच्या बराकीत जो दळत बसला होता, त्याला ना वही होती, ना श्रोता.

आणि काहींना तर तुरुंगाची भिंतसुद्धा लागत नव्हती. आजीचं माहेर आटपाडीकडचं. तिच्या लहानपणी गावच्या चावडीवर रोज सांजेला हजेरी व्हायची. रामोशी, मांग अशा ठरावीक जातींच्या बाप्यांनी येऊन नाव सांगायचं, परगावी जायचं तर पाटलाची परवानगी काढायची. गुन्हा केला होता का? नाही. जन्म घेतला होता. येरवड्याच्या भिंती उठल्या त्याच १८७१ साली सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्या कायद्याखाली सोलापूरला तारेच्या कुंपणाची मोठी सेटलमेंट झाली. ही माणसं कागदावर मोकळी झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त ही हजेरी आहे. आजीनं कादंबरी वाचली नव्हती. तिला एवढंच आठवायचं, की हजेरीला जाणाऱ्या एका माणसाचा पोरगा तिच्याबरोबर बोरं वेचायचा आणि दिवस कलला की बापाला आठवण करायला पळत जायचा.

तिच्या त्याच मुलखात दुसरी एक गोष्ट घडत होती. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. माणदेशातला तुटक तुकडा, पाऊस बेभरवशाचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांमुळे सर्वांना माहीत आहेत. त्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली घटना मान्य केली आणि आपले अधिकार प्रजेकडे सोपवले, हे तितकं सांगितलं जात नाही. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन त्या कामात होते. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत. तट नाही, खंदक नाही. जमीन कसायची, घरात राहायचं, पुढे तर बायकापोरांनाही आणायची मुभा.

"भ्या वाटलं न्हाई तुमाला?" मी विचारलं होतं.

"पैल्यांदा वाटलं की. बाया दारं लावून घ्यायच्या. मग बघितलं, गडी खुरपी घिऊन रानात, आन त्येंची पोरं साळंत आमच्या पोरांसंगं. कुणाला भ्यायचं?"

या प्रयोगाची कथा माणदेशातल्याच एका माणसानं जगापुढे नेली. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी काढलेला 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. आमच्या घरात तो सिनेमा पाहून आल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आपल्या साहेबांनी आसं केलं असतं तर माझं काम काय ऱ्हायलं असतं?" आजीच्या मते हा विनोद नव्हता.

आता हिशेब मांडून बघू. आमच्या एकाच जिल्ह्यात तुरुंगाच्या दोन कथा आहेत. एकीत तट आहे, उडी आहे, पूर आहे, गोळी आहे. ती दर जुलैत सांगितली जाते आणि सांगावीच. दुसरीत सांगण्यासारखं काही घडतच नाही. कुणी उडी मारत नाही, कारण ओलांडायला काही नाही. माणूस सकाळी उठतो, मोटेवर जातो, संध्याकाळी परततो. अशी गोष्ट पाहुण्यापुढे रंगत नाही आणि तिची जयंतीही होत नाही. त्यामुळे तुरुंगाबद्दल आपल्या डोक्यात जे बसलं, ते पहिल्या कथेतून बसलं. तुरुंग म्हणजे फोडायची वस्तू. तो चालवायचा कसा, आत कोण असावं आणि किती दिवस, हे ठरवायचं काम आपण सरकारी बाबूंवर सोडून मोकळे झालो.

पुढे महाराष्ट्रात पैठण, येरवडा, मोर्शी अशा ठिकाणी खुली कारागृहं झाली, स्वतंत्रपूरही चालू राहिलं. पण तिथं जायला कैदी पक्का लागतो. शिक्षा लागलेला, काही काळ आत काढलेला, वागणुकीचा शेरा चांगला असलेला. ज्याच्यावरचा आरोप अजून शाबीतच झाला नाही, त्या कच्च्याला उघड्या शेतात जागा नाही. तो तटाच्या आतच. आणि आज देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तिघे कच्चेच आहेत. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही, तारीख पडते, पुढची पडते. गुन्हा शाबीत झालेला माणूस रानात खुरपं चालवू शकतो आणि न झालेला बराकीत मोजणीला उभा राहतो, हे आजीला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, हे बरंच झालं. तिनं सरळ विचारलं असतं, "मग ह्यास्नी कुणी आन का धरलंय?" आणि १८९४ च्या कायद्यापासून आजवरचे सगळे कागद समोर पसरूनही मला तिला पटेल असं उत्तर देता आलं नसतं.