उषवदाताची अक्षयनीवी : पुण्याचा लेखी हिशेब

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. गायी, सुवर्ण आणि गावे यांच्या दानांची यादी अनेक राजलेखांत आढळते. येथे मात्र पुण्याचा चक्क जमाखर्च मांडलेला दिसतो.

उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही. उपभोग केवळ व्याजाचा. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो! उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. ते व्याज भिक्षूंच्या अन्य गरजांसाठी. हे सारे निगमसभेत जाहीर होऊन फलकावर नोंदले गेले. श्रद्धा खरी, पण साक्षीदारांवाचून दात्याचे समाधान होत नसावे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला आहे. उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेतही विजेत्याच्या हाती आले. त्याने ते दान केले, याच त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना.