हवेची उशी

माझा भाचा अमेरिकेत ट्रकवर बांधलेलं फिरतं घर घेऊन भटकतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, या वेळी आईला नेतोय, पण तिची कंबर! कमान पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवल्या, हवा वाढवत गेलो, तरी दणके बसतातच." मी इतिहासाचा मास्तर, मला यातलं काय कळणार? तरी शोधलं.

पाटे बेतलेले असतात भरल्या गाडीच्या वजनाला. गाडी रिकामी असली की हाडं खिळखिळी (लाल डब्याच्या मागच्या बाकावर बसलेल्यांना सांगायला नको!). जनरल मोटर्सने ग्रेहाउंडसाठी १९५४ साली 'सीनिक्रूझर' ही दीडमजली बस आणली, तिला पाट्यांऐवजी हवेच्या स्प्रिंगा होत्या. वजन वाढलं की झडप हवा आत सोडते, उतरलं की बाहेर. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅमलाही हवाच होती. पण ती गळायची, म्हणून कित्येक मालकांनी पुन्हा पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या.

ग्रेहाउंडच्या बसमधून पाटे गेले होते, आमच्या भाच्याने ते ठेवले. वर पिशव्या टम्म फुगवल्या! म्हटलं, "हवा वजनापुरतीच ठेव, आणि शॉक ॲब्सॉर्बर बघून घे."

ताई सोमवारी निघाली. उशी मात्र बरोबर घेतलीच.