डोळा, आरसा, कॅमेरा

मिश्र वास्तवाचा इतिहास बहुधा यंत्राच्या घटत्या आकाराने सांगितला जातो. इव्हान सदरलँड यांच्या १९६८च्या शिरोयंत्रात मस्तकाची हालचाल मोजणारा दांडा छतापासून लोंबे. २०२३च्या ‘मेटा क्वेस्ट ३’ या हेडसेटचे वजन ५१५ ग्रॅम, संगणक व बॅटरी त्यातच. आम्हांला मात्र खरे स्थित्यंतर दृष्टीचे वाटते. सदरलँड यांच्या अर्धपारदर्शक आरशांतून खोली प्रत्यक्ष दिसे. तीत तरंगणारी रेषाकृती तेवढी संगणकाची. २०१६च्या ‘होलोलेन्स’नेही डोळ्यांपुढे पारदर्शक काच राखली. ‘क्वेस्ट’मध्ये डोळे झाकलेले असतात, समोरची भिंतही कॅमेऱ्यांनी टिपून पडद्यावर उमटते. म्हणजे तेथे वास्तवात चित्र मिसळत नाही, चित्रात चित्र मिसळते. साहित्यातील वास्तववादाची चर्चा करताना ‘प्रत्यक्ष’ हा शब्द आम्ही यापुढे जपून वापरू.