स्कॅटरचं कूळ कन्या राशीत

एक्सेलमध्ये डावीकडच्या कॉलममध्ये वर्षं आणि उजवीकडे मोजमापं भरून लाइन चार्ट मागवला की बरेचदा वर्षांचीच एक फालतू रेघ वर तरंगताना दिसते. ती काढून वर्षं आडव्या अक्षावर बसवली तरी दुखणं उरतंच, कारण लाइन त्यांना आकडे मानत नाही, नुसती लेबलं मानते. १७१८, १७५६, १७८१, १८०३, १८२२, १८३० अशी वर्षं दिली तर ३८ वर्षांची फट आणि ८ वर्षांची फट, दोन्ही एकाच मापाच्या. शेजारचा स्कॅटर मात्र प्रत्येक वर्षाला त्याची हक्काची जागा देतो.

ही वर्षं उगाच घेतलेली नाहीत. कन्या राशीतल्या गॅमा व्हर्जिनिस या जोडताऱ्याकडे ब्रॅडली, मायर, विल्यम हर्शेल आणि पुढे त्याचा मुलगा जॉन हर्शेल अशांनी दुर्बीण लावली, तेव्हाची ती आहेत. माझ्या मते स्कॅटरचं कूळ इथेच सापडतं.

देकार्तचे अक्ष १६३७चे. विल्यम प्लेफेअरचे रेघांचे आणि स्तंभांचे आलेख १७८६चे. प्लेफेअर मोठा माणूस, पण काळाच्या अक्षावरून तो हलला नाही. १८२१मध्ये त्याने गव्हाचा भाव आणि मजुरी एकाच चित्रात मांडली, तीही वर्षांच्या ओळीवर. मजुरी आडवी आणि भाव उभा घेऊन पाहण्याचं त्याच्या मनात आलं नाही. एक्सेलमधली लाइन ही त्याचीच वारस.

जॉन हर्शेलची अडचण वेगळी होती. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, त्यांची कक्षा काढायची आहे, पण त्यांच्यातल्या अंतराची मोजमापं भरवशाची नाहीत. दिशेचा कोन त्या मानाने बरा, तरी तोही चुकांनी भरलेला. १८३२ साली वाचलेल्या आणि १८३३ साली छापलेल्या निबंधात त्याने तोड काढली. चौकटींच्या कागदावर वर्षं आडवी, कोन उभे. जिथे जिथे निरीक्षण, तिथे एक ठिपका. मग डोळ्यांच्या अंदाजाने एक सलग वक्र काढायचा, ठिपक्यांवरून नव्हे, तर ठिपक्यांच्या मधून वाट काढत. त्या वक्राचा उतार म्हणजे कोन बदलण्याचा वेग. केप्लरच्या दुसऱ्या नियमाने हा वेग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे न मोजता आलेलं अंतर उतारातून मिळतं. सगळी भिस्त उतारावर! वर्षं सारख्या अंतरावर बसवली असती तर कक्षाच मोडली असती.

एक्सेलच्या ‘स्मूद लाइन’ला मात्र या घराण्यात जागा देऊ नये. ती प्रत्येक ठिपक्यावर हजेरी लावत जाते, म्हणजे प्रत्येक चुकीलाही सलाम ठोकते. हर्शेलचा वक्र ट्रेंडलाइनच्या जातीचा. (त्याचा हिशेब पुढे चुकला: प्रदक्षिणेचा काळ त्याने पाचशे वर्षांच्या वर धरला, आज तो सुमारे १६९ वर्षं मानतात. तारे सर्वांत जवळ आले १८३६मध्ये, आणि त्या वेगवान वळणाची निरीक्षणं तेव्हा हाताशीच नव्हती.)

प्रतिस्पर्धी आहेत. एडमंड हॅलीने १६८६मध्ये उंची आणि हवेचा दाब यांचा वक्र छापला, पण त्यात ठिपके नाहीत. तो नियमाचं चित्र आहे, निरीक्षणांचं नव्हे. दुसरा आक्षेप जड: हर्शेलचा आडवा अक्षही काळाचाच, मग प्लेफेअरहून वेगळं काय? वेगळं हे की काळ हर्शेलला हिशेबात घालायचा आकडा म्हणून हवा होता. मायकेल फ्रेंडली आणि डॅनिएल डेनिस यांनी २००५मध्ये हर्शेललाच पहिला मान दिला, आणि मी त्यांच्या बाजूचा.

गाल्टनवाले मानणार नाहीत. फ्रान्सिस गाल्टनने १८८६मध्ये २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांची उंची समोरासमोर मांडली, मुलींची उंची १.०८ने गुणून. दोन्ही अक्षांवर मोजलेल्या राशी, हे खरं. पण ते ठिपके नव्हते, घराघरात आकडे भरलेलं कोष्टक होतं. सारख्या संख्येची घरं रेघेने जोडली तेव्हा लंबवर्तुळं उमटली, आणि त्यांचं गणित केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सनने सोडवून दिलं.

लंबवर्तुळ! हर्शेल तर त्याच्याच शोधात होता. १८३३मध्येच जन्मलेला त्याचा मुलगा विल्यम जेम्स पुढे बंगालात अधिकारी झाला, १८५८मध्ये जंगीपूरला करारावर पंजाचा ठसा घेऊ लागला आणि आपले जमवलेले ठसे त्याने पुढे गाल्टनला दिले. बोटांचे ठसे जर त्या घरातून आले, तर ठिपकेही तिथूनच आले असावेत, असा माझा लाडका तर्क. त्याला उत्तर तयार आहे: गाल्टन आधी हवामानाचा माणूस, १८६३मध्ये त्याने हवामानाचे नकाशे छापले होते, आणि सारख्या दाबाच्या ठिकाणांवरून रेघा ओढणाऱ्याला सारख्या संख्येच्या रेघा सुचायला हर्शेल कशाला लागतो? हे उत्तर मला निम्मं पटतं. रेघा हवामानातल्या, हे मान्य. पण दोन अक्षांच्या चौकटीत निरीक्षणं पेरून त्यांना आपला आकार दाखवू देण्याची रीत खगोलातली. म्हणून १९८३च्या लोटस १-२-३मध्ये लाइनपासून वेगळा ‘एक्स-वाय’ दिसतो, तेव्हा त्याचं गोत्र मी कन्या राशीचंच लावतो.