डेम्लो : एका स्थानकाचे नाव आणि १२३४५६७८९८७६५४३२१

उल्हास खाडीच्या एका तीरावर भिवंडी तालुका, तर दुसऱ्या तीरावर डोंबिवली. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या या स्थानकाचे एक जुने नाव ‘डेम्लो’. हे नाव व्यवहारातून केव्हाच गेले; गणितात मात्र ते आजही टिकून आहे.

ते टिकवले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. जन्म डहाणूचा, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ देवळाली येथे शाळेत शिक्षकी. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ज्या स्थानकावर संख्यांच्या एका गटाची कल्पना सुचली, त्याचेच नाव त्यांनी त्या गटाला दिले.

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. उदाहरणार्थ २५५३ : २ + ३ = ५, आणि मध्ये ५५.

केवळ १ या अंकाच्या संख्यांचे वर्ग हे यांतील सर्वांत देखणे कुल.
१११² = १२३२१; १२ + २१ = ३३, मध्ये ३.
११११² = १२३४३२१; १२३ + ३२१ = ४४४, मध्ये ४.

नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

याचे कारण शाळेतल्या गुणाकारातच आहे. प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या बेरजा एकेकाने चढतात आणि उतरतात. दहाव्या ओळीला मध्ये १० होतात, हातचा येतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा होतो.

आणखी एक नवल. या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नावही कापरेकरांचेच.

१९३९ मध्ये गुंजीकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला डेम्लो संख्यांचा सिद्धान्त मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ अंकक्रीडाच वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे हे नाव जगभर पोहोचले. तोवर कापरेकरांनी सत्तरी गाठली होती, आणि निवृत्तीलाही तेरा वर्षे लोटली होती.

कागद, पेन्सिल आणि हातचा मांडण्याइतके गणित : या संख्येची परीक्षा घ्यायला आजही एवढेच पुरते.