बंगळूरचे शिलंगण : स्थलांतरितांच्या दसऱ्याचे मूळ

विजापूरच्या आदिलशाहीचा सेनापती रणदुल्लाखान याने १६३८ मध्ये केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागून शिलेदार, कारभारी, शास्त्री-पंडित अशी मराठी भाषक मंडळी तेथे स्थिरावली. शरदातील दसरा या मंडळींनी देशावरून बरोबर नेला, असे मानण्याकडे सहज कल होतो. हे गृहीतक मात्र तपासून घ्यावे लागते.

देशावरचा दसरा मुळात सुगीशी बांधलेला आहे. घटस्थापनेला मातीत पेरलेल्या धान्याचे अंकुर दशमीला पागोट्यात खोवायचे, नव्या पिकाची कणसे वा लोंब्या दाराला बांधायच्या, हे विधी शेतकऱ्याचे आहेत. खरिपाची बाजरी या सुमारास हाती येते, पावसाळा ओसरून नद्यांना उतार पडतो आणि कुणबी मोहिमेसाठी मोकळा होतो. सीमोल्लंघन, म्हणजेच लोकभाषेतले शिलंगण, हे या मोकळिकीचे लष्करी रूप होय. दसऱ्याला केवळ क्षत्रियांचा सण ठरविणारी मते या कृषिक्रमाकडे दुर्लक्ष करतात.

बंगळूरच्या परिसरात हा क्रम जुळत नाही. तेथील मुख्य पीक रागी, अर्थात नाचणी. दसऱ्याच्या वेळी ती बहुधा शेतातच उभी असते. तेथे सुगीचा खरा उत्सव संक्रांतीला होतो. सण नव्या भूमीत आला तेव्हा त्याचे पीक मागेच राहिले, आणि त्याच्या दोन अर्थांपैकी राजकीय अर्थ अधिक ठळक होणे स्वाभाविक होते.

हा राजकीय अर्थ तेथे आधीपासून नांदत होता. विजयनगरच्या महानवमीचे वर्णन पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश याने १५२० च्या सुमारास केले आहे; ज्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसविले तो त्याच साम्राज्याचा मांडलिक. पुढे १६१० मध्ये राजा वडियार याने श्रीरंगपट्टण येथे दसऱ्याची परंपरा उचलून धरली. म्हणजे शहाजीराजांच्या आगमनाच्या २८ वर्षे आधी शेजारच्या राज्यात दरबारी दसरा चालू होता. स्थलांतरितांनी सण नेला हे खरे, पण तो तेथे त्यांना भेटलाही.

या भेटीचे चिन्ह म्हणजे ‘सोन्या’चे पान. महाराष्ट्रात आपट्याचे, कर्नाटकात बन्नीचे म्हणजे शमीचे. निबंधग्रंथांनी शमी न मिळाल्यास अश्मंतक, म्हणजे आपटा, चालतो असे सांगून ठेवल्यामुळे या अदलाबदलीस शास्त्राची आडकाठी नव्हती. कथा मात्र वेगळ्या. शमीमागे विराटपर्वातील पांडवांची लपविलेली शस्त्रे आहेत. आपट्यामागे कौत्साची गुरुदक्षिणा. गंमत अशी, की ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात कुबेराचे सोने रघूच्या कोषागारात पडते, तेथे ना आपटा आहे, ना दसरा. झाड आणि तिथी लोकपरंपरेने जोडली.

मुळाची कथा मागाहून रचली जाते, याचा परिचित दाखला अमेरिकेतला आहे. प्लिमथ येथील वसाहतवाल्यांनी वाम्पानोआग लोकांसह १६२१ च्या शरदात केलेल्या तीन दिवसांच्या मेजवानीला ‘पहिला थँक्सगिव्हिंग’ हे नाव अलेक्झांडर यंग याने १८४१ मध्ये दिले. लिंकनची राष्ट्रीय घोषणा १८६३ ची. फरक एवढाच, की तेथे यजमान भूमीचा वाटा कथेतून पुसट होत गेला, तर बंगळुरात तो पानाच्या रूपाने हातात राहिला.

शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. त्यातील बहुभाषिक कवने पाहता या दरबारात एका भाषेचा सण एकटा राहू शकला असेल, असे वाटत नाही. व्यंकोजी तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर जिंकून चिक्कदेवराज वडियार यास तीन लाख रुपयांना दिले आणि तेथे उरलेली मराठी घराणी म्हैसूरची प्रजा झाली. सीमा ओलांडण्याचा अधिकार आता दुसऱ्या सिंहासनाचा होता. घराघरांत उरले ते सोने देणे-घेणे, तेही ज्या झाडाच्या पानांचे त्याचे कानडी नाव ‘बन्नी’. आणि याच शब्दाने कानडीत पाहुण्याला ‘या’ म्हणतात.