दोन पंखांचा मोह

परवा नातवाने प्लास्टिकचे तुकडे चिकटवून एक जुने लढाऊ विमान तयार केले. एकावर एक असे दोन पंख. म्हणाला, "आजी, दोन पंख म्हणजे डबल स्पीड ना?" म्हटले, "नाही रे राजा, उलट." मग सांगत बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. तेच इथे लिहिते. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण विमानात बसले ती मोजून तीनदा. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवातीची विमाने लाकूड-कापडाची. एकच लांब पंख मोडायची भीती. दोन पंख घेऊन मध्ये खांब उभे केले आणि तिरक्या तारा ताणल्या, की पुलाच्या सांगाड्यासारखी बळकटी येते. १९१२ मध्ये अपघात झाले तेव्हा ब्रिटिश लष्कराने काही काळ एकपंखी विमानांवर बंदीच घातली होती. पण हेच खांब, याच तारा हवा अडवतात आणि वेग खातात. धातूचे मजबूत पंख बनू लागल्यावर त्यांची गरज उरली नाही. रशियाचे आय-१६ हे एकपंखी विमान १९३३ च्या अखेरीस उडाले. १९३५ मध्ये जर्मनीचे मेसरश्मिट १०९ आणि ब्रिटनचे हरिकेन.

आणि इटलीने मे १९३८ मध्ये काय उडवले? फियाट सीआर-४२. नवे कोरे, दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे!

इटालियन काही मागासलेले नव्हते. १९३४ मध्ये फ्रान्चेस्को अजेल्लोने ताशी ७०९ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला होता, तोही एकपंखी समुद्रविमानातून. मग असे का व्हावे?

उत्तर स्पेनमध्ये आहे. १९३६ पासून तिथल्या यादवीत इटलीचे जुने दोनपंखी सीआर-३२ छान लढले. गरकन वळायचे, शत्रूच्या शेपटीमागे लागायचे. वैमानिकांना वाटले, लढाई म्हणजे हेच. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका पाठ करून आलेल्या हुशार मुलासारखे झाले. (अशी मुले मी पुष्कळ पाहिली. वर्षानुवर्षे त्याच टिपणांवर शिकवणारी मीही त्यातलीच.) नव्या एकपंखी विमानांना बंद काच दिली, तर वैमानिकांनी कुरकुर करून ती काढायला लावली.

खो-खोत हुलकावणीवर निभावते, कारण मैदानाला रेघ असते. आकाशात ज्याचा वेग जास्त, तो ठरवतो लढाई केव्हा सुरू करायची आणि केव्हा सोडून जायची. चपळ विमान फार तर स्वतःचा जीव वाचवेल. सोबतच्या बॉम्बरचे काय?

११ नोव्हेंबर १९४० रोजी हे दिसले. बेल्जियममधून निघालेले दहा इटालियन बॉम्बर आणि सोबतची सीआर-४२ विमाने भर दिवसा इंग्लंडच्या हार्विच बंदराकडे आली. नोव्हेंबरच्या थंडीत ही पोरे उघड्यावर बसलेली, पुढे दोन मशीनगन. समोर आठ मशीनगनची हरिकेन, ताशी पाचशेहून अधिक वेगाची. तीन बॉम्बर आणि तीन सीआर-४२ गेली. हरिकेन एकही पडले नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच रात्री इटलीच्या तारांतो बंदरात 'इलस्ट्रियस' या जहाजावरून ब्रिटिशांची २१ विमाने आली आणि तीन युद्धनौका निकामी करून गेली. त्यांची फक्त दोन पडली. ती विमाने होती स्वोर्डफिश: कापडी, संथ आणि दोन पंखांचीच! पण रात्रीच्या अंधारात, टॉर्पेडो टाकायला. तिथे त्यांच्या वाटेत हरिकेनसारखे कोणी नव्हते.

आता नातवाने विचारले ते. हार्विचच्या मोहिमेतल्या तीनपैकी एक सीआर-४२ गोळीने पडलेच नाही. तेलाची नळी फुटली म्हणून पिएत्रो साल्वादोरी या वैमानिकाने ते ऑर्फर्डनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरवले. विमान नाकावर कलंडले, तो वाचला. ब्रिटिशांनी ते दुरुस्त करून स्वतः उडवून पाहिले, आणि त्याच्या वळण्यावर त्यांचे वैमानिक खूश झाले! आज ते ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाकडे आहे.

"म्हणजे विमान चांगलं होतं?" नातू म्हणाला. म्हटले, "फार चांगलं होतं रे." तो पंखांमध्ये बांधायला माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन गेला आहे, अजून परत आणलेला नाही.